दिवाळीच्या थंडीवरचा आरोप

मराठी कथेतल्या सणांवर एक आरोप आता इतका रुळला आहे की त्यासाठी कोणी पुरावाही मागत नाही. कथेत श्रावण आला की ऊनपाऊस हजर. गणपती यायचे तर आदल्या रात्री सर येऊन अंगण धुऊन जाणार. दसऱ्याला आभाळ निळंशार, आणि दिवाळीच्या पहाटे गुलाबी थंडी तर ठरलेलीच. खऱ्या आयुष्यात उटणं लावतानाच घाम फुटतो, तेव्हा ही सगळी हवा लेखकाने सोयीने मागवलेली, शहरात बसून आठवणींतून शिवलेली, असा निकाल परिसंवादांत सहज दिला जातो आणि श्रोते माना डोलावतात.

या आरोपाला एक उलटा जोडीदारही आहे. तो म्हणतो, जुन्या कथांत थंडी आहे ना? मग पूर्वी दिवाळीला थंडी पडायचीच. आता सगळं बिघडलं. एक पक्ष कथेला खोटी ठरवतो, दुसरा तिला वेधशाळेची नोंदवही मानतो. माझं म्हणणं असं की सण आणि हवा यांचा मेळ लेखकाने लावलेला नाही. तो पंचांगाने आणि शेतकऱ्याने लावलेला आहे. तपासणीसाठी मी पुण्या-मुंबईऐवजी शिरूर तालुक्यातलं निमोणे घेतो. घोड नदीच्या खोऱ्यातलं, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पुरतं बुडालेलं हे गाव. वर्षाचा पाऊस या तालुक्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही हुलकावण्या देत. सोयीची हवा जिथे सर्वांत दुर्मीळ, तिथेच हा आरोप पारखून घेतलेला बरा.

आधी पूर्वपक्ष पुरत्या ताकदीने मांडू, कारण दुबळा करून पाडलेला पूर्वपक्ष म्हणजे खंडन नव्हे. २०२३ साली श्रावण दोन आले. १८ जुलैपासून अधिक आणि १७ ऑगस्टपासून निज. कवितेच्या हिशेबाने ऊनपावसाचा दुप्पट मोसम. प्रत्यक्षात त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात शिरूरही होता आणि शेजारचा दौंडही. बारा दिवसांनी लक्ष्मीपूजन. आणि थंड, निरभ्र रात्रीसाठी जिची ख्याती ती त्रिपुरी पौर्णिमा २६ नोव्हेंबरला आली, तेव्हा नाशिक-नगरकडे गारा पडल्या. त्याआधी २०१९ साली २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान झालं, २७ ला लक्ष्मीपूजन, आणि तो सगळा पंधरवडा परतीच्या पावसाने शेतातली उभी आणि काढलेली पिकं भिजत होती. २०२२ मध्ये तर मोसमी पाऊस देशातून पूर्णपणे परतल्याची घोषणा झाली २३ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. आभाळ निळं व्हायला उसंतच कुठे होती? हे सगळं खरं आहे. आरोप करणाऱ्यांनी याहून कमी पुराव्यावर निकाल दिला, एवढीच माझी तक्रार.

आता उत्तर. पहिला मुद्दा पंचांगाचा. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. ते तसंच सोडून दिलं असतं तर दिवाळी दर वर्षी अकरा दिवस मागे सरकत सरकत कधी भर पावसाळ्यात, कधी वैशाखवणव्यात आली असती. हिजरी कालगणनेत तसंच होतं. तिथे अधिक महिना नाही, त्यामुळे रमजान सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. म्हणून ईदेची ठरावीक हवा कुठल्याच भाषेच्या कथेत रूढ होऊ शकत नाही. आपल्याकडे ती रूढ झाली, कारण एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालून सणाला ऋतूच्या दावणीला बांधून ठेवलं आहे. ही खटपट कथालेखकांनी केलेली नाही. मराठी कथेच्या जन्माआधी कित्येक शतकं ती झालेली आहे.

पण दावं सैल आहे, आणि सगळी गंमत त्या सैलपणात आहे. २००९ साली लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला होतं, २०२० साली १४ नोव्हेंबरला. चार आठवड्यांचा फरक. पुण्यात ऑक्टोबरचं सरासरी किमान तापमान अठरा-एकोणीस अंशांच्या घरात असतं, नोव्हेंबरचं चौदा-पंधराच्या. म्हणजे लवकर आलेल्या दिवाळीत पंखा आणि उशिरा आलेल्या दिवाळीत गोधडी, दोन्ही खरी. शिवाय कथेतली थंडी दुपारी दोनची नसते. अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वीचं, आणि दिवसातलं किमान तापमान नेमकं सूर्योदयाच्या आगेमागेच नोंदवलं जातं. निमोण्यासारख्या उघड्या, कोरड्या माळरानावर आभाळ स्वच्छ असेल तर रात्री जमीन झपाट्याने उष्णता सोडते. दुपारी बत्तीस अंश सोसलेल्या माणसाला पहाटे सोळा अंशांत तांब्याभर पाणी अंगावर घेताना काय वाटतं, ते ज्याने घेतलं त्यालाच विचारावं. परिसंवादातले वक्ते बहुधा आठनंतर अंघोळ करणारे असावेत.

जोडीदाराच्या म्हणण्याचाही इथेच निकाल लावू. पूर्वीची दिवाळी थंडीत असे, आता सण ऋतूतून निसटला, हे बोलणं कालगणनेपुरतं तरी उलटं आहे. आपलं पंचांग नाक्षत्र वर्षावर चालतं. ते ऋतुवर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं, म्हणून सण सत्तर-एकाहत्तर वर्षांत एक दिवस या वेगाने ऋतूच्या पुढे सरकत जातात. उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतं आणि संक्रांत मात्र १४-१५ जानेवारीला येते, ती याच कारणाने. या हिशेबाने शिवकाळातली दिवाळी ऋतुमानात आजच्यापेक्षा सरासरी पाचेक दिवस अलीकडे, म्हणजे पावसाला जरा जवळच होती. पहाटा आता उबदार झाल्या असतील तर त्याचा दोष तापत्या हवेला द्यावा, तो वेगळा आणि गंभीर विषय आहे. पण त्याचा साक्षीदार म्हणून जुन्या कथेतली गुलाबी थंडी उभी करू नये.

विलायतेतही हाच वाद आहे. ख्रिसमसला बर्फ पडतो ही समजूत डिकन्सने रुजवली, असं म्हणतात. तो १८१२ चा. त्याचं बालपण इंग्लंडच्या एका विलक्षण थंड दशकात गेलं, थेम्स गोठून तिच्यावर शेवटची जत्रा भरली ती १८१४ साली, आणि ‘अ ख्रिसमस कॅरल’ आलं १८४३ मध्ये. म्हणजे तिथे लेखकाच्या लहानपणीची हवा सणाला चिकटली. आपल्याकडची गोष्ट मला वेगळी वाटते, कारण आपल्याकडे सण हवेला चिकटवण्याची प्रथा अजून चालू आहे.

त्याचा सर्वांत चांगला पुरावा बैलपोळा. कोल्हापूर-सांगलीकडे बैलांचा सण आषाढात, बेंदूर म्हणून. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात श्रावणी अमावास्येला पोळा. आणि शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांत तो भाद्रपदी अमावास्येला, म्हणजे सर्वपित्रीला. एकाच राज्यात, एकाच जनावरासाठी तीन वेगवेगळ्या महिन्यांत पुरणपोळी. याची कारणं गावोगाव निराळी सांगतात. माझा तर्क असा की ज्या पट्ट्यात पाऊस आणि पेरणी जशी पुढेमागे, तसा बैलाला उसंत देणारा दिवस पुढेमागे गेला. जिथे पाऊस लवकर आणि खात्रीचा तिथे सण आषाढात उरकला. जिथे पावसाचा भरवसा सप्टेंबरावर, तिथे तो भाद्रपदात ढकलला. निमोण्याच्या शिवारात खरी मदार उत्तरेच्या, हस्ताच्या पावसावर, कारण शाळू त्याच ओलीवर पेरायचा. सण एवढा हलवता येतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यातल्या एखाद्याने कथा लिहिली आणि पोळ्याच्या दिवशी रान ओलं दाखवलं, तर त्याने काय मागवलं? सण मुळात ओल्या रानाच्याच हिशेबाने ठरलेला.

ऊनपावसाबद्दल तर आरोप अगदीच तोंडावर पडतो. श्रावणाचं ते चित्र कोकणातलं, देशावर उगाच आयात केलेलं, असं मी अनेकदा ऐकलं आहे. ज्या कवीमुळे ते प्रत्येक मराठी मुलाच्या डोक्यात बसलं ते बालकवी खानदेशातल्या धरणगावचे. आणि हवेच्या नियमाने पाहिलं तरी क्षणात सर, क्षणात ऊन हा खेळ घाटमाथ्यावर कमी, त्याच्या आडोशाला अधिक. घाटाच्या पश्चिमेला ढग रिते होतात, तिथे दिवस दिवस सूर्य दिसत नाही. पूर्वेला येईतो ढगांत उरते ती भुरभुर, आणि ढगांच्या फटींतून ऊन. निमोण्याचा श्रावण बरा गेला तर असाच जातो. मात्र या भुरभुरीने विहिरीला थेंब मिळत नाही. घोड नदीला पाणी येतं ते आंबेगावच्या डोंगरांतून, डिंभ्याच्या धरणावरून. त्यामुळे चिंचणीच्या धरणात पाण्याची आवक आहे आणि गावावर ढग नुसते पळताहेत, हे दृश्य इथे नवल नव्हे. कवितेतला श्रावण खरा आहे, फक्त तो डोळ्यांसाठी पुरेसा आणि पिकासाठी अपुरा आहे. हा भेद समीक्षेने केला असता तर मी तिच्या बाजूने बोललो असतो.

जुन्या काव्यशास्त्राने याहून समंजस विचार केला होता. राजशेखराने दहाव्या शतकाच्या आसपास ‘काव्यमीमांसे’त कविसमयांची चर्चा केली आणि कोणत्या ऋतूत कोणता वारा, कोणतं फूल वर्णावं याला वेगळा अध्याय दिला. (याच्या पणजोबांचं नाव अकालजलद. ऋतूंचे नियम सांगणाऱ्याच्या घराण्यात अवकाळी ढग!) कविसमयांविषयी त्याचं म्हणणं असं की पूर्वीच्या जाणत्यांनी देशोदेशी हिंडून जे पाहिलं ते लिहिलं, पुढे देश आणि काळ बदलला तरी कवींनी ते तसंच बांधत राहावं, हा संकेत. म्हणजे संकेत मुळात खोटा नसतो. तो कुठेतरी, कधीतरी पाहिलेला असतो.

इथवर मी कथेचा वकील. पण वकिलालाही अशिलाची एक गोष्ट कबूल करावी लागते. पंचांगाने लावलेला मेळ अनेक वर्षांच्या सरासरीत खरा आहे. कथा सरासरीची नसते. ती एका घरातल्या एका वर्षाची असते, आणि कुठल्याही एका वर्षी मेळ मोडलेला असू शकतो. निमोण्यात दिवाळीच्या आसपास गावरान कांद्याचं रोप टाकलेलं असतं. पाऊस आला तर ते सडतं, नुसतं आभाळ भरून राहिलं तरी करपा येतो. तिथल्या बाईला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आभाळाकडे बघताना पणत्या विझतील ही काळजी दुय्यम असते. आपल्या ग्रामीण साहित्याने हवा फसवी दाखवली नाही असं नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त १९५५ सालीच दुष्काळाने अख्खं गाव उठवलं, सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये शेती माणसाला खाते. पण ते दुष्काळाचं पुस्तक म्हणून. सणाच्या कथेत मेळ मोडलेलं वर्ष क्वचितच येतं. घरात टांगलेलं पंचांग तेवढं भाबडं नाही. त्यात पावसाच्या नक्षत्रांची यादी मृगापासून निघते ती हस्त, चित्रा ओलांडून स्वातीपर्यंत जाते, वाहन बेडूक की गाढव यासकट, आणि स्वाती लागते २४ ऑक्टोबरच्या सुमारास. दिवाळी आणि पाऊस एकाच पानावर छापलेले असतात. सण चंद्रावर आणि पाऊस सूर्यनक्षत्रावर मोजणाऱ्या शेतकऱ्याला दोघांची गाठ दर वर्षी नव्याने पडते हे पाठ असतं.

मग लेखकालाच का सुचत नाही? याचं कारण मला सौंदर्यदृष्टीपेक्षा छापखान्यात दिसतं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा मोठा भाग एका ठरलेल्या मुहूर्तावर प्रसिद्ध होतो. संपादक मजकूर मागतात तो पावसाळ्यात. लेखक जुलै-ऑगस्टात, खिडकीबाहेर पाऊस असताना, तीन महिन्यांनी येणाऱ्या पहाटेचं वर्णन लिहितो. स्वातीत काय होणार हे त्या वेळी वेधशाळाही सांगू शकत नाही. त्याच्यापुढे सरासरीशिवाय दुसरं काही नसतं, आणि सरासरीत थंडी असते. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर येऊन सोलापूर आणि मराठवाड्याची शेतं पाण्याखाली गेली, तोवर त्या वर्षीच्या अंकांतल्या बहुतेक कथा लिहून झालेल्या असणार.

२०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्या अंकांतली थंडी बहुधा खरी ठरेल आणि आरोप करणारे गप्प बसतील. परीक्षा २०२८ ची. तेव्हा लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला येतं, हे लेखकांना आणि संपादकांना आत्तापासून पंचांगात दिसतं आहे. त्या वर्षी किती कथांत अभ्यंगस्नानानंतर पंखा लावतात, ते मोजायला मी अंक विकत घेणार आहे.