बर्कशायरमधील अणुकेंद्रे व गृहबांधणीचा वाद

इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यातील ऑल्डरमास्टन आणि बर्गफील्ड या दोन अण्वस्त्रनिर्मिती केंद्रांच्या परिसरात नवी घरे बांधण्यास घेतल्या गेलेल्या हरकती, त्यामागील कायदे आणि त्यातून उद्भवलेले नियोजनविषयक तंटे यांना मिळून हा वाद म्हटले जाते. वादाची मुळे विसाव्या शतकाच्या मध्यात आहेत. मात्र २०१९ मध्ये ब्रिटनमधील किरणोत्सारी आपत्तिनियोजनाचे नियम बदलले आणि २०२० मध्ये बर्गफील्डभोवतीचे आपत्कालीन नियोजन क्षेत्र मोठ्या प्रमाणावर वाढविण्यात आले. त्यानंतर वादाला विशेष धार आली. या वाढीमुळे ग्रेझली येथे योजलेली सुमारे १५,००० घरांची उद्याननगरी रद्द झाली.

पार्श्वभूमी

ऑल्डरमास्टन हा दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी विमानतळ होता. १९५० मध्ये तो अण्वस्त्र संशोधन संस्थेकडे सोपविण्यात आला. ब्रिटनने आपली पहिली अणुचाचणी ऑक्टोबर १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळील माँटे बेलो बेटांवर केली. तिच्यामागील शास्त्रीय कार्याचे नेतृत्व करणारे विल्यम पेनी हेच या संस्थेचे प्रमुख होते. बर्गफील्ड हा त्याच युद्धकाळात उभारलेला दारूगोळा कारखाना. तेथे पुढे अण्वस्त्रशीर्षांची जुळणी, देखभाल व मोडणी होऊ लागली. सध्या ट्रायडंट क्षेपणास्त्रांवरील शस्त्रशीर्षांचे काम या दोन केंद्रांत विभागलेले आहे. १ जुलै २०२१ पासून दोन्ही केंद्रे चालविणारी कंपनी पूर्णतः ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाच्या मालकीची आहे.

सर्वसामान्य वाचकाला ऑल्डरमास्टन हे नाव परिचित असते ते १९५८ च्या ईस्टरमध्ये लंडनहून येथवर निघालेल्या अण्वस्त्रविरोधी पदयात्रेमुळे. गृहबांधणीचा वाद हा त्या चळवळीहून अगदी वेगळा आहे. येथे हरकत घेणाऱ्यांत स्वतः संरक्षण मंत्रालय आणि अणुकेंद्राचे चालकही आहेत. केंद्र बंद व्हावे असे त्यांचे म्हणणे नसून, केंद्र चालू राहावे म्हणून आसपास माणसे वाढू नयेत, असे त्यांचे म्हणणे आहे.

केंद्रे उभी राहिली तेव्हा भोवताली शेते, राने आणि लहान खेडी होती. परंतु केंद्रांतील नोकऱ्यांमुळेच वस्ती वाढली. ऑल्डरमास्टनच्या दक्षिणेस, हॅम्पशायर परगण्यात असलेले टॅडली हे गाव मुख्यतः येथील कर्मचाऱ्यांच्या घरांमुळे विस्तारले. बर्गफील्डच्या बाजूने रेडिंग शहर व त्याची उपनगरे दक्षिणेकडे सरकत राहिली. लंडनला जाणारी रेल्वे आणि एम ४ महामार्ग जवळ असल्याने या पट्ट्यातील जमिनीला मोठी मागणी आहे.

स्थाननिश्चितीचे धोरण

अणुकेंद्र वस्तीपासून दूर असावे हा विचार ब्रिटनमध्ये सुरुवातीपासून होता. ऑक्टोबर १९५७ मध्ये विंडस्केल येथील अणुभट्टीला आग लागली आणि सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातील दुधाची विक्री थांबवावी लागली. या घटनेने तो विचार दृढ झाला. साठच्या दशकाच्या अखेरीस नव्या प्रकारच्या अणुभट्ट्या अधिक सुरक्षित आहेत, या भरवशावर धोरण काहीसे शिथिल झाले. हार्टलपूल आणि हीशम ही शहरांलगतची वीजकेंद्रे त्या शिथिलतेची फळे होत.

केंद्रासाठी विरळ वस्तीची जागा निवडली, तरी पुढे पन्नास-साठ वर्षे ती वस्ती विरळच राहील याची हमी कोण देणार, हा प्रश्न मात्र उरतोच. यासाठी परिसरातील बांधकामाच्या अर्जांवर अणुनियामकाचे मत घेण्याची पद्धत रूढ झाली. केंद्राभोवती अंतर्गत, मध्य व बाह्य असे सल्ला-पट्टे आखले जातात. पट्टा जितका आतला, तितका लहान अर्जही नियामकापुढे जातो. २०१४ पासून हे काम वैधानिक दर्जा असलेले अणु नियमन कार्यालय करते. त्यापूर्वी ते आरोग्य व सुरक्षा विभागाच्या अखत्यारीत होते. नियामकाचे मत हा सल्ला असतो, मनाई नव्हे. परवानगी द्यायची की नाही हे स्थानिक परिषद ठरवते, आणि परिषदेने नाकारल्यास विकासक अपील करू शकतो.

या फरकाचे महत्त्व टॅडली येथील बाउंडरी हॉल प्रकरणात दिसून आले. ही जागा ऑल्डरमास्टन केंद्राच्या अगदी जवळ आहे. तेथे ११५ घरे बांधण्याच्या प्रस्तावाला अणुसुरक्षा अधिकाऱ्यांनी स्पष्ट हरकत घेतली होती. तरीही अपिलानंतर २०११ मध्ये संबंधित मंत्र्यांनी परवानगी दिली. पुढे २०१२ मध्ये वेस्ट बर्कशायर परिषदेने स्वीकारलेल्या विकास आराखड्यात या दोन केंद्रांसाठी स्वतंत्र धोरण घालण्यात आले. नियामकाने विरोधी सल्ला दिल्यास अंतर्गत पट्ट्यातील निवासी बांधकाम बहुधा नाकारले जाईल, असा त्याचा आशय होता.

२०१९ चे नियम

मे २०१९ मध्ये किरणोत्सार आपत्कालीन सज्जता व जनमाहिती नियम अमलात आले. पूर्वीच्या, २००१ च्या नियमांनुसार केंद्राभोवतीचे तपशीलवार आपत्कालीन नियोजन क्षेत्र नियामक ठरवीत असे. नव्या नियमांनी ती जबाबदारी स्थानिक परिषदेवर टाकली. पण तिचे हात बांधूनही ठेवले. केंद्राचा चालक संभाव्य अपघातांच्या परिणामांचा अहवाल तयार करतो आणि तातडीची संरक्षक कृती किती अंतरापर्यंत आवश्यक आहे ते सांगतो. परिषदेला त्या अंतराच्या आत येता येत नाही. बाहेर मात्र जाता येते. एखादे गाव मधोमध कापले जात असेल, सीमारेषेवर शाळा किंवा वृद्धाश्रम असेल, तर ते पूर्णपणे क्षेत्रात घेण्याची मुभा परिषदेला आहे. किमान दर तीन वर्षांनी या मूल्यमापनाचा फेरविचार करावा लागतो.

या केंद्रांत वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्या नाहीत. त्यामुळे वीजकेंद्राभोवती वाटल्या जाणाऱ्या आयोडीनच्या गोळ्यांचा येथे उपयोग नाही. मुख्य भीती आहे ती आग किंवा स्फोटामुळे प्लुटोनियमचे सूक्ष्म कण हवेत मिसळण्याची व ते श्वासावाटे शरीरात जाण्याची. म्हणून रहिवाशांना दिलेली सूचना साधी आहे: घरात जा, दारे-खिडक्या बंद करा, आतच राहा आणि अधिकृत बातम्या ऐका. ब्रिटिश निकषांप्रमाणे घरात आश्रय घेतल्याने ३ मिलिसीव्हर्ट इतकी मात्रा टळत असेल, तर त्या उपायाचा विचार सुरू होतो. ही मात्रा फार मोठी नाही. नैसर्गिक स्रोतांतून माणसाला वर्षभरात साधारण एवढाच किरणोत्सार मिळतो. विकासकांनी या मुद्द्याचा वारंवार आधार घेतला आहे.

नव्या नियमांनुसार चालकाने केलेल्या मूल्यमापनात ऑल्डरमास्टनसाठी १,५४० मीटर, तर बर्गफील्डसाठी ३,१६० मीटर असे किमान अंतर निघाले. बर्गफील्डचे आधीचे क्षेत्र साधारण दीड किलोमीटर त्रिज्येचे होते. मार्च २०२० मध्ये वेस्ट बर्कशायर परिषदेने नव्या सीमा ठरविल्या. केंद्रातील काम अधिक धोकादायक झाले म्हणून ही वाढ झाली नाही. फारच क्वचित घडणारे अपघात आणि प्रतिकूल हवामान यांचाही विचार करणे नियमांनी बंधनकारक केले, हे तिचे कारण होते. तथापि नकाशावरील रेषा सरकल्याने बर्गफील्ड कॉमन, ग्रेझली, थ्री माइल क्रॉस अशा वस्त्या आणि रेडिंगचा दक्षिण काठ यांतील बराच भाग आपत्कालीन क्षेत्रात आला.

ग्रेझलीची योजना

ग्रेझली हा बर्गफील्ड केंद्राच्या पूर्वेकडील ग्रामीण भाग आहे. वोकिंगहॅम, वेस्ट बर्कशायर व रेडिंग या तीन परिषदांच्या सीमा तेथे जवळ येतात. या परिषदांनी मिळून तेथे सुमारे १५,००० घरे, शाळा आणि रेल्वे स्थानक असलेली नगरी वसविण्याचा विचार चालविला होता. वोकिंगहॅमने फेब्रुवारी २०२० च्या आराखड्याच्या मसुद्यात तिला मध्यवर्ती स्थान दिले. दुसऱ्याच महिन्यात शेजारच्या परिषदेने ठरविलेल्या नव्या सीमेत योजनेची जागा आली. मसुद्यावरील सूचना व हरकतींची मुदत तेव्हा जेमतेम संपत आली होती.

जमिनीत हितसंबंध असलेल्या विकासक कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या. चालकाचा अहवाल परिषदेने पुरेसा तपासला नाही आणि त्यातील माहिती अपुरी होती, असा त्यांचा आक्षेप होता. अण्वस्त्रांशी निगडित तपशील राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव उघड करता येत नसल्याने, ज्या गणितावर जमिनीचे भवितव्य ठरले ते गणित बाहेरच्या कोणालाही पूर्णपणे पाहता येत नाही. वादातील ही खरी अडचण आहे, आणि ती एकट्या विकासकांची नाही. २०२१ च्या आरंभी न्यायालयाने आव्हान फेटाळले. त्याच वर्षाच्या अखेरीस वोकिंगहॅमने सुधारित धोरणातून ग्रेझली वगळले आणि त्या वाट्याची घरे परगण्यात इतरत्र शोधण्यास आरंभ केला. साहजिकच विरोधही तिकडे सरकला.

हरकतींचे स्वरूप

क्षेत्रातील अर्जांवर घेतल्या जाणाऱ्या हरकतींत सर्वांत वजनदार मुद्दा किरणोत्साराचा नसून आपत्कालीन योजनेच्या क्षमतेचा असतो. दुर्घटना घडल्यास किती लोकांना वेळेत सूचना देता येईल, नंतर स्थलांतर करावे लागले तर अरुंद ग्रामीण रस्ते किती वाहने पेलतील, तपासणीसाठी व तात्पुरत्या निवाऱ्यासाठी किती जागा आहेत, असे प्रश्न परिषदेचे आपत्ती-नियोजन अधिकारी मांडतात. पाच-दहा घरांच्या एखाद्या अर्जाने योजना कोलमडत नाही. पण असे अर्ज एकामागून एक मंजूर झाले तर कोणत्या घरापाशी थांबायचे, हे ठरविणे अवघड होते. म्हणून अधिकारी एकत्रित परिणामाचा मुद्दा पुढे करतात, तर विकासक दर वेळी आपल्या अर्जाचा लहानपणा दाखवितात.

दुसरी हरकत संरक्षणाशी संबंधित आहे. परिसरातील लोकसंख्या वाढल्यास सुरक्षेच्या कारणास्तव केंद्रातील कामांवरच मर्यादा येऊ शकते, आणि देशात अशी दुसरी सुविधा नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय नियोजन धोरणातही संरक्षण-स्थळांच्या कामकाजाला नव्या बांधकामाची बाधा पोहोचू नये, अशी तरतूद आहे.

स्थानिक रहिवाशांच्या पत्रांत मात्र वाहतूक, पूर, शाळांतील अपुऱ्या जागा आणि मोकळी शेते यांबरोबरच अणुकेंद्राचा उल्लेख येतो. अनेक वर्षे केंद्राच्या शेजारी निर्धास्त राहिलेल्यांना नवे शेजारी येताना धोका आठवतो, अशी टीका विकासकांचे समर्थक करतात. ती सर्वस्वी न्याय्य नाही. क्षेत्रात राहणाऱ्यालाच गर्दी वाढल्याची झळ आधी बसते, आणि स्वतःच्या घराशेजारी वृद्ध आईवडिलांसाठी स्वतंत्र घर बांधू इच्छिणाऱ्यालाही हेच नियम आडवे येतात. उलट बाजूस घरांची टंचाई आणि आवाक्याबाहेरच्या किमती हे दक्षिण इंग्लंडमधील वास्तव आहे. पुरेशी जमीन उपलब्ध करून देणे हे परिषदांवरील बंधन असून, क्षेत्रातील निर्बंधांमुळे ते शिथिल होत नाही.

भारतातील तरतुदी

भारतात १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने वीजकेंद्रांच्या जागेसाठी संहिता ठरविली आहे. २०१४ च्या सुधारित संहितेनुसार अणुभट्टीपासून किमान १ किलोमीटरपर्यंत वस्तीला मनाई असते. ५ किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात लोकसंख्येची केवळ नैसर्गिक वाढ अपेक्षित असून मोठ्या वसाहती व उद्योग प्रशासकीय उपायांनी रोखावयाचे असतात. आपत्कालीन नियोजनाचा विचार १६ किलोमीटरपर्यंत केला जातो. महाराष्ट्रातील तारापूर केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. तेथील तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांचे पुनर्वसन करण्यात आले. बर्कशायरमध्ये तंटा होतो तो येऊ घातलेल्या घरांवरून. तारापूरला तो उठविल्या गेलेल्या घरांवरून झाला.