फिंचच्या डोळ्यांत कोंबड्यांचा जंतू

1994 च्या सुरुवातीला अमेरिकेत, वॉशिंग्टन शहराच्या आसपास, अंगणात दाणे टिपायला येणाऱ्या हाऊस फिंच पक्ष्यांचे डोळे सुजलेले, चिकटलेले दिसू लागले. तपासणीत निघाला मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम. आपले पोल्ट्रीवाले ज्याला ‘सीआरडी’ म्हणतात, त्या कोंबड्यांच्या जुनाट श्वसनरोगाचा जंतू! मग हा रानपक्ष्यांत आला कुठून? पोल्ट्रीतून, की लशीतून? कारण याच जंतूचा एफ स्ट्रेन जिवंत लस म्हणून कोंबड्यांना दिला जात होता.

आता बघा, नुसतं जंतूचं नाव कळून इथे भागत नाही. लशीतल्याचं आणि रोग करणाऱ्याचं नाव एकच. त्या नावाच्या आतला फरक शोधणं म्हणजे टायपिंग.

डेव्हिड ले आणि सहकाऱ्यांनी आरएपीडी वापरलं. कुठल्याही ठरावीक जनुकासाठी न बेतलेले आखूड प्रायमर घ्यायचे, पीसीआर करायचा आणि जेलवर उमटलेल्या पट्ट्यांची नक्षी ताडून पाहायची. जीनोम माहीत असायची गरज नाही. या जंतूचा तर तो 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. 1997 च्या त्यांच्या निबंधात वेगवेगळ्या ठिकाणच्या फिंचमधल्या जंतूंची नक्षी एकसारखी निघाली, आणि लशींच्या स्ट्रेनशी ती जुळली नाही. लशी संशयातून सुटल्या, साथ एकाच उगमातून पसरली असावी असं दिसलं. पण तो उगम कोणता, हे मात्र हाती लागलं नाही. नक्षी जुळली नाही, तर फक्त तुम्ही शेजारी ठेवलेले नमुने बाद होतात. निष्कर्ष लिहिताना आपण नेमके इथेच घसरतो.

आरएपीडीची दुसरी अडचण मी स्वतः भोगली आहे. तोच डीएनए, तोच प्रायमर. सोमवारच्या जेलवर पाच पट्ट्या, गुरुवारी सहा. डीएनएचं प्रमाण, एन्झाइम, मशीन, कशानेही नक्षी हलते. मग दुसऱ्या देशातल्या लॅबच्या फोटोशी ती ताडणार कशी? 2005 मध्ये नाओला फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी चार जनुकांचे तुकडे वाचून अमेरिका, इस्राएल आणि ऑस्ट्रेलियातले नमुने तपासले. अक्षरांचा क्रम कुठल्याही लॅबमध्ये ताडता येतो.

फिंचची गोष्ट तिथेही संपली नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की हा जंतू रानपक्ष्यांत एकदा नव्हे, अनेकदा शिरला होता. खंडभर पसरला तो मात्र त्यातला एकच वंश.