साधन देणारे आणि साधन शिकवणारे

दिव्यांगांच्या मदतीचा इतिहास सांगताना आपण बहुधा देणगीदारांची नावं घेतो. कुणी काठ्या दिल्या, कुणी खुर्च्या, कुणी इमारत बांधून दिली. पण काठी कशी धरायची हे शिकवणारा, खुर्चीचं चाक निखळलं की बसवून देणारा आणि या दोघांना आधी तयार करणारा, यांची नोंद कुठे होत नाही. महाराष्ट्रात त्यांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. स्मरणिकेसाठी लिहिताना त्यांच्याबद्दलच लिहावंसं वाटलं.

सन 1900 मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. ती पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. मोठ्या माणसांचा प्रश्न ऐरणीवर आला तो पहिल्या महायुद्धात. हात-पाय गमावलेले सैनिक परत येऊ लागले. त्यांना नुसतं पेन्शन देऊन भागणार नव्हतं, पुन्हा कमावतं करायचं होतं. 1917 मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं. ते नंतर पुण्याजवळ खडकीला गेलं आणि आजही दिव्यांग सैनिकांना हाताला काम देणारं शिक्षण देतं.

स्वातंत्र्यानंतर गाडी वेगाने पुढे गेली. 1951 मध्ये भारती ब्रेल ठरली. त्यामुळे वेगवेगळ्या भारतीय भाषांसाठीच्या निरनिराळ्या ब्रेल पद्धतींचा गोंधळ मिटला आणि शिक्षक तयार करणं सोपं झालं. 1952 मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंध संघटना, म्हणजे नॅब, स्थापन झाली. 1955 मध्ये हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. तिथे रुग्णांवर उपचार होतातच, शिवाय कृत्रिम पाय बनवणारे तंत्रज्ञही घडतात. त्यांची गरज का, हे समजून घेण्यासारखं आहे. पाय कापल्यावर उरलेला भाग पुढचे काही महिने आकसत जातो. आज चपखल बसलेला कृत्रिम पाय काही महिन्यांनी सैल होतो, टोचतो, जखम करतो. माप पुन्हा घेणारा माणूस जवळ नसेल, तर तो पाय कोपऱ्यात पडून राहतो.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी हे ओळखलं. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमादीदींनी 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभारली. तिथे वसतिगृह आणि शाळेबरोबर कार्यशाळाही उभी राहिली.

आपल्या भागाला हा धडा 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मिळाला. तेव्हा आपण शाळेत होतो. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. दगडमातीच्या भिंतींखालून वाचलेल्या कित्येकांना कायमचं अपंगत्व आलं. मदतीचे ट्रक आले आणि गेले. टिकलं ते इथे मुक्काम ठोकून केलेलं काम. नळदुर्गात पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाने अनाथ मुलांसाठी ‘आपलं घर’ उभारलं. शेजारच्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ केलं. हे काम दिव्यांगांपुरतं नव्हतं, पण गावातलंच माणूस शिकवून तयार करता येतं हे त्यातून दिसलं.

कायदेही आले. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या क्षेत्रातल्या प्रशिक्षणाला दर्जा आणि नोंदणी आणली. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख दिव्यांगांची नोंद आहे. शिबिरांतून साधनं मिळतात, पण तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती करणारा सहसा मिळत नाही.

आता माझ्या क्षेत्राबद्दल. 2006 मध्ये मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. ते फुकट आहे आणि मराठीही वाचतं. म्हणजे पैशाची अडचण उरली नाही, अडचण शिकवणाऱ्याची आहे. माऊस न वापरता नुसत्या कळांवर संगणक चालवायला कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं, आणि अडलं की फोन उचलावा लागतो.

दुसरी अडचण आपण डोळस लोकच निर्माण करतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी आपल्याला नीट दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. ऐकणाऱ्याच्या कानी अर्थहीन आवाज पडतात. कागदाचा नुसता फोटो असेल तर तेवढंही नाही. कार्यालयांचे अर्ज, संस्थांची पत्रकं, स्नेहमेळाव्यांच्या स्मरणिका, सगळ्यांना हे लागू आहे.

म्हणून संपादक मंडळाला विनंती, की या अंकाची प्रत युनिकोडमध्येही काढावी. छापण्याआधी ती एनव्हीडीएवर ऐकून तपासायचं काम माझ्याकडे द्या. आणि वर्गमित्रांनो, माजी विद्यार्थ्यांचा निधी जमेल तेव्हा आणखी खुर्च्या घेण्याआधी नळदुर्गातल्याच एखाद्या सायकल दुरुस्तीवाल्याला चाकाच्या खुर्च्या आणि तीनचाकी दुरुस्त करायला शिकवण्याचा खर्च उचलूया. संगणक शिकवायला मी सुट्टीत येईन. सर, बाई, शाळेची एक खोली मात्र लागेल, आणि ती तळमजल्यावरची असावी.