गुरुत्वमध्य आणि भौमितिक मध्य: फरक काय, आणि फोनसाठी तो का महत्त्वाचा?

गिंबलमध्ये फोन मोजूनमापून मधोमध अडकवला तरी बऱ्याचदा तो एका बाजूला कलतो. कारण मापाचा मध्य आणि वजनाचा मध्य हे दोन वेगळे बिंदू असू शकतात. हा फरक मी इथे सोप्या आकारांवरून सांगतो.

भौमितिक मध्य

हा फक्त आकारावरून निघतो. वस्तू कशाची बनली आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

- आयत, चौरस: दोन कर्ण छेदतात तो बिंदू.
- वर्तुळ: त्याचं केंद्र.
- त्रिकोण: तिन्ही मध्यगांचा संपातबिंदू. तो पायापासून एक तृतीयांश उंचीवर असतो, निम्म्यावर नाही. म्हणूनच प्ले बटणातला त्रिकोण नीट मधोमध दिसावा यासाठी डिझायनर तो थोडा उजवीकडे सरकवतात.

गुरुत्वमध्य

वस्तूचं सगळं वजन ज्या एका बिंदूत एकवटलंय असं धरता येतं, तो गुरुत्वमध्य. जाडी आणि पदार्थ सगळीकडे सारखा असेल, तर दोन्ही मध्य एकच. पुठ्ठ्याचा आयत कर्णांच्या छेदाखाली बोट धरलं की तोलला जातो.

आता 30 सेंमीची पट्टी घ्या. दोन्ही मध्य 15 वर. 25 च्या खुणेवर पट्टीइतक्याच वजनाची वस्तू चिकटवली, की गुरुत्वमध्य सरकून 20 वर येतो. भौमितिक मध्य मात्र 15 वरच!

आणखी एक गंमत: बांगडीचा गुरुत्वमध्य मधल्या पोकळीत असतो, जिथे काचही नाही आणि धातूही नाही.

फोनचा गुरुत्वमध्य कसा शोधायचा?

फोन दिसायला आयत, पण आत बॅटरी आणि कॅमेऱ्याचं वजन सारखं पसरलेलं नसतं.

1. टेबलावर मऊ कापड पसरून त्यावर षटकोनी पेन्सिल ठेवा.
2. कव्हरसकट फोन, स्क्रीन खाली करून, पेन्सिलीवर आडवा ठेवा आणि हळूहळू सरकवा. दोन्ही टोकं अधांतरी राहिली की पेन्सिल जिथे आहे ती रेषा लक्षात ठेवा.
3. फोन 90 अंशांत फिरवून पुन्हा तेच करा.

दोन रेषा छेदतात, तिथेच गुरुत्वमध्य.

उपयोग काय?

गिंबल चालू करण्याआधी मी फोन तोलून घेतो. तोल नसेल तर मोटरला फोन सतत ओढून धरावा लागतो. ती तापते, बॅटरीही लवकर उतरते. स्टँडचंही तसंच. गुरुत्वमध्यातून सरळ खाली जाणारी रेषा स्टँडच्या बुडाबाहेर गेली, की फोन आडवा झालाच समजा. मागे पॉवर बँक किंवा रिंग लावली तर गुरुत्वमध्य बदलतो, तेव्हा पुन्हा तपासा.

थोडक्यात: मध्य मोजायला पट्टी पुरते, तोल सांभाळायला वजन कुठे आहे ते पाहावं लागतं.