ठराव, मानपत्र आणि गांवची शाळा

लोकल बोर्ड म्हणजे काय, असें सातारा जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या खेडुतास कोणी विचारलें असतें, तर त्यानें बहुधा शेतसाऱ्याच्या पावतीकडे बोट दाखविलें असतें. साऱ्याच्या दर रुपयामागें १ आणा ‘लोकल फंड’ म्हणून सरकारी खजिन्यांत जाई. मुंबई इलाख्यांत १८६९ च्या कायद्यानें या पट्टीस कायदेशीर रूप मिळालें. तिचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे आणि उरलेला मुख्यत्वें रस्ते व इतर लोकोपयोगी कामें यांकडे लावावा अशी वांटणी ठरलेली होती. आणा देणारा मात्र वर्षानुवर्षें पाहत असे कीं, आपल्या गांवास ना रस्ता आला, ना शाळा. ‘आमचा आणा गेला कोठें?’ हा साधा प्रश्न स्थानिक स्वराज्याच्या साऱ्या इतिहासाच्या मुळाशीं आहे.

१८ मे १८८२ रोजीं लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें स्थानिक स्वराज्याविषयींचा आपला प्रसिद्ध ठराव केला. लोकांनीं आपला कारभार आपण चालवावयास शिकावें, त्यांत प्रारंभीं कांहीं चुका झाल्या तरी चालतील, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून १८८४ सालीं मुंबई इलाख्यांत लोकल बोर्डांचा आणि नगरपालिकांचा असे दोन कायदे झाले. जिल्ह्यास एक जिल्हा लोकल बोर्ड व तालुक्यास एक तालुका लोकल बोर्ड, अशी रचना झाली. रस्ते, पूल, धर्मशाळा, विहिरी, दवाखाने, देवी टोंचणें, रस्त्याच्या कडेस झाडें लावणें आणि प्राथमिक शाळा चालविणें, एवढीं कामें या बोर्डांच्या माथीं आलीं. परंतु अध्यक्षाच्या खुर्चीवर बसत कलेक्टरसाहेब. सभासद ठरावास हात वर करीत आणि सभा संपे. १९२३ च्या कायद्यानें लोकनियुक्त सभासदांचें प्राबल्य झालें, तेव्हां कोठें बोर्डाच्या सभेंत खेड्याचा आवाज उमटूं लागला.

याच १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन ठेविलें. जोतीरावांचें घराणें मूळचें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें. सरकारचें उत्पन्न मुख्यतः रयतेच्या घामांतून येतें, मग शिक्षणाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर कां खर्च व्हावा, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. शेतसाऱ्यावरील पट्टीचा शिक्षणाचा वांटा खेड्यांतील प्राथमिक शाळांसच मिळावा, असें मागणें त्यांनीं मांडलें. रिपनसाहेबांचा ठराव आणि जोतीरावांचा सवाल एकाच वर्षांतले. पहिल्यानें बोर्डें निर्माण झालीं. दुसऱ्यास उत्तर देण्यास सातारा जिल्ह्यांत एक माणूस निघावा लागला.

तो माणूस म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजीं कुंभोज येथें झाला. घराणें वाळवें तालुक्यांतील ऐतवडें बुद्रुकचें. वडील महसूल खात्यांत कारकून होते. भाऊरावांचें स्वतःचें शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढें गेलें नाहीं. साताऱ्यास येऊन त्यांनीं शिकवण्या केल्या, पुढें ओगल्यांच्या कांचकारखान्यासाठीं आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठीं गांवोगांव हिंडले, आणि नंतर धनजीशा कूपर यांच्या नांगराच्या कारखान्यांत कांहीं काळ काम करून मतभेदामुळें बाहेर पडले. नांगर विकतां विकतां त्यांना खेडें अंतर्बाह्य कळलें. शेतकऱ्यास लोखंडी नांगर पटतो, मग त्याच्या मुलास पाटी कां मिळूं नये, हें कोडें त्यांच्या मनांत घर करून बसलें.

१९१० च्या सुमारास आज सांगली जिल्ह्यांत असलेल्या दुधगांवीं त्यांनीं सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहाचा प्रयोग केला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ सालीं संस्थेचें ठाणें साताऱ्यास आलें आणि तेथें वसतिगृह सुरू झालें. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, सर्वांचीं मुलें एका चुलीवरचें अन्न एका पंगतींत खाऊं लागलीं. याच साताऱ्यांत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भीमराव आंबेडकर या बालकाचें नांव सरकारी शाळेच्या पटावर चढलें होतें, आणि अस्पृश्य म्हणून त्यास इतरांपासून वेगळें बसावें लागत असे. मधल्या पाव शतकांत शहर फारसें बदललें नव्हतें. एका घरापुरती रीत मात्र बदलली होती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजीं महात्मा गांधींच्या हस्तें या वसतिगृहास ‘श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस’ असें नांव देण्यांत आलें.

नांव थोर मिळालें, तरी कोठारांत दाणा नसे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं मुलांच्या जेवणासाठीं अंगावरचे दागिने मोडले. शेवटीं मंगळसूत्रही त्याच कामीं आलें. १९३० सालीं त्या वारल्या. त्यांना कोणत्याही बोर्डानें मानपत्र दिल्याचें ऐकिवांत नाहीं. परंतु संस्थेच्या जमाखर्चांतील पहिली मोठी जमा त्यांचीच मानावी लागेल.

इकडे १९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें शाळांचा कारभार लोकल बोर्डांच्या हातीं आला होता. कारभार आला, पण पैसा त्या मानानें आला नाहीं. डोंगरकपारींतील वाड्या, माणदेशांतील विरळ वस्तीचीं खेडीं, कोयनाकांठचीं गांवें यांच्या अर्जांस पुष्कळदां वाटाण्याच्या अक्षताच मिळत. बोर्डाच्या सभासदांसच सारा दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. एका आण्याच्या पट्टींत रस्ता, विहीर, दवाखाना आणि शाळा बसवावयाची, म्हणजे एका घोंगडींत चौघांना निजविण्यासारखें होतें. शिवाय गावकीचीं भांडणें, तट आणि जातीचा अभिमान हीं बोर्डाच्या दालनांतही शिरत. अशा स्थितींत १९३७ सालीं मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ आलें आणि खाजगी संस्थांनीं खेड्यांत ‘व्हॉलंटरी’ शाळा काढल्यास त्यांना सरकारी मदत देण्याची योजना निघाली.

भाऊरावांनीं ही संधि दोन्ही हातांनीं घेतली. शिक्षक तयार करण्यासाठीं १९३५ मध्येंच साताऱ्यास त्यांनीं अध्यापक विद्यालय काढलें होतें. आतां शाळा काढण्याचें काम गांवाच्या बैठकींत होऊं लागलें. देवळांत किंवा चावडींत मंडळी जमत. जागा कोण देणार, मास्तरांची राहण्याजेवण्याची सोय काय, मुलें गुरांमागें न पाठवितां शाळेंत पाठविण्यास किती घरें तयार आहेत, याचा खल होई. हा खल झाला म्हणजे शाळा उघडे. कायद्यानें या बैठकींस बोर्ड म्हटलें नसेल, परंतु बोर्डाचें खरें काम तेथेंच होत होतें. पुढील सुमारें दहा वर्षांत अशा ५७८ शाळा संस्थेनें चालविल्या. पुढें त्या जिल्हा स्कूल बोर्डाच्या स्वाधीन करण्यांत आल्या. ज्या वाडीस शाळा नाकारली जात होती, त्या वाडीची चालती शाळा बोर्डाच्या हातीं आयती आली. ‘गांव करी तें राव न करी’ या म्हणीची याहून चोख साक्ष मिळणें कठीण.

अमेरिकेंत बुकर वॉशिंग्टन यांनीं १८८१ सालीं टस्कीगी येथें काढलेली संस्था जगप्रसिद्ध आहे. तेथील विद्यार्थ्यांनीं स्वतः विटा भाजून इमारती उभ्या केल्या. साताऱ्याचा मार्गही तोच. १९४० सालीं निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलांत आणि १९४७ सालीं निघालेल्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत ‘कमवा आणि शिका’ हा नियम चालला. ज्यास देणग्यांवर अवलंबून राहावयाचें नाहीं, त्यानें आपल्या हातांवर अवलंबून राहावें, असा त्यांतील अर्थ.

या स्वावलंबनाची कसोटी लौकरच लागली. १९४८ सालीं मुंबई सरकारनें संस्थेचें अनुदान बंद केलें. हें सरकार परकीय नव्हतें. तें खेरांचेंच, व्हॉलंटरी शाळांस हात देणारें सरकार होतें. भाऊरावांच्या सडेतोड बोलण्याचा हा परिणाम होता. शेंकडों शाळा, हजारों मुलें आणि पगाराची वाट पाहणारे मास्तर, असा प्रसंग होता. त्या वेळीं गाडगेमहाराजांसारखे संत पाठीशीं उभे राहिले आणि रयतेनें संस्था बुडूं दिली नाहीं. पुढें अनुदान पुन्हा सुरू झालें. लोकांनीं भाऊरावांस ‘कर्मवीर’ म्हणावें आणि सरकारनें त्याच माणसाचा पैसा अडवावा, हा विरोध ध्यानीं घेण्यासारखा आहे. स्वराज्यांतही लोककार्यकर्त्याचा मान आणि त्याच्या कामास मिळणारी मदत हीं नेहमीं एकाच वाटेनें चालत नाहींत.

सन्मान पुढें भरभरून आले. जानेवारी १९५९ मध्यें भारत सरकारनें पद्मभूषण दिलें. ५ एप्रिल १९५९ रोजीं पुणें विद्यापीठानें, इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेल्या या माणसास, डी. लिट्. ही पदवी अर्पण केली. त्यानंतर सव्वा महिन्यानें, ९ मे १९५९ रोजीं, कर्मवीर निवर्तले. १९८८ सालीं त्यांच्या नांवें टपालाचें तिकीट निघालें. २०२१ सालीं साताऱ्यास त्यांच्या नांवाचें विद्यापीठ मंजूर झालें.

दरम्यान जिल्ह्याचें रूपही पालटलें. १ ऑगस्ट १९४९ रोजीं दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला. त्यासच १९६० पासून सांगली जिल्हा म्हणतात. १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्डांचें युग संपलें. त्या वेळीं राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे देवराष्ट्रें येथें जन्मलेले आणि कऱ्हाडास वाढलेले, याच मातींतले होते.

पूर्वीं नगरपालिका आणि बोर्डें थोरांस मानपत्रें देत, तीं रेशमी कापडावर छापून चांदीच्या करंडकांत घालून देत. करंडक कपाटांत राहतो, अक्षरें फिकीं पडतात. सन्मानानें एक धोकाही असतो. माणसाचा पुतळा उभा केला कीं त्याचें देणें फिटलें, असें समाजास वाटूं लागतें. कर्मवीरांचें देणें तसें फिटणारें नाहीं, कारण तें मुळीं त्यांचें नव्हतेंच. तें त्या एक आणा भरणाऱ्या कुणब्याचें आहे, ज्यानें ‘माझ्या गांवची शाळा कोठें?’ असें विचारलें. ग्रामसभा भरते, विषयपत्रिका वाचली जाते, शाळेच्या गळक्या छपराचा विषय येतो. त्या विषयास ‘पुढील सभेंत’ असा शेरा न मारतां जे सभासद त्याच बैठकींत पैसा आणि माणूस नेमून देतात, ते ठरावाच्या वहींत जें लिहितात, तेंच कर्मवीरांचें खरें मानपत्र होय.