दुहेरी सस्पेन्शनची हलकी माउंटन बाइक : मर्यादित खर्चातील बांधणी

पुढच्या फोर्कमध्ये आणि मागच्या चाकापाशी अशा दोन्ही ठिकाणी धक्काशोषक असलेली, डोंगरवाटांवर चालवायची सायकल. क्रॉस-कंट्री व ट्रेल या प्रकारांत चाकाची वरखाली हालचाल साधारण १०० ते १३० मिमी. असते. स्पर्धकांच्या कार्बन सायकलींचे वजन १० ते ११ किलो भरते आणि त्यांतील वरच्या श्रेणीच्या सायकलींची किंमत १०,००० डॉलरच्या वर जाते. कारखान्यातून तयार येणाऱ्या, दीड-दोन हजार डॉलरच्या ॲल्युमिनियम सायकलींचे वजन बहुधा १४ किलोंच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. या दोन टोकांमधली, १२ ते १३ किलोंची सायकल बेताच्या पैशांत उभी करणे हा या नोंदीचा विषय आहे. ती उभी राहते, पण स्वस्तात बनवलेले हलके भाग जमवून नव्हे. चांगले बनवलेले, मात्र बाजाराच्या मोजमापांतून मागे पडल्यामुळे स्वस्त झालेले भाग एकमेकांशी जुळवून ती बांधावी लागते. भारतीय दुकानांत ‘डबल शॉकअप’ म्हणून विकली जाणारी पोलादी सायकल या प्रकारात मोडत नाही. तिच्या स्प्रिंगला दमन नसते, त्यामुळे ती पॅडलच्या प्रत्येक दाबाला डोलते, आणि तिचे वजन अनेकदा १७ किलोंहून अधिक असते.

इतिहास : माउंटन बाइक १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या उतारांवर घडली. तिथल्या ‘रीपॅक’ नावाच्या उतार-शर्यती १९७६मध्ये सुरू झाल्या, आणि जो ब्रीझ यांनी १९७७च्या सुमारास खास या कामासाठी फ्रेम बांधल्या. तोवर सगळा हादरा चालवणाऱ्याच्या हातापायांनी सोसायचा होता. पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा फोर्क १९८९च्या सुमारास आला आणि पुढचे सस्पेन्शन रुळले. मागचे सस्पेन्शन मात्र बराच काळ जड आणि ताकद वाया घालवणारे मानले गेले. होर्स्ट लाइटनर यांच्या चार-सांधी रचनेने ब्रेक लावल्यावर आणि पॅडल मारताना होणारी ओढाताण कमी केली. तिचे पेटंट स्पेशलाइज्ड कंपनीने १९९८मध्ये विकत घेतले. अमेरिकेतील त्याची मुदत २०१०नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात संपली, आणि ही रचना मध्यम किमतीच्या सायकलींतही मोकळेपणाने आली. लंडन ऑलिंपिकमध्ये (२०१२) यारोस्लाव्ह कुल्हावी यांनी दुहेरी सस्पेन्शनच्या सायकलीवर सुवर्णपदक मिळवले, तेव्हा ही सायकल चढावर मागे पडते हा आक्षेप सर्वोच्च पातळीवरच मोडीत निघाला. आता उरलेला प्रश्न किमतीचा आहे.

मूळ अडचण व तिच्यातली फट : हलके, मजबूत आणि स्वस्त या तीन गुणांपैकी एका वेळी दोनच मिळतात, असे सूत्र सायकलउद्योगात कीथ बॉन्ट्रेगर यांच्या नावाने सांगितले जाते. एकाच वेळी बाजारात असलेल्या एकेका भागाला ते बहुतांशी लागू पडते. पण काळाने पडणारी किंमत ते हिशोबात धरत नाही. चाकाचा व्यास २६ इंचांवरून २७.५ आणि २९वर गेला. मागच्या हबची रुंदी १४२ मिमी. होती, ती २०१४च्या सुमारास आलेल्या बूस्ट मापाने १४८ झाली. मागच्या शॉकची इंची मापे २०१६मध्ये मेट्रिक झाली. डिरेलर टांगण्याचा सर्वसामान्य हँगर २०१९मध्ये आला, आणि स्रॅम कंपनीचे २०२३चे गिअर त्याच्यासाठी घडवलेल्या फ्रेमवरच बसू लागले. यांतल्या प्रत्येक बदलामागे काही तांत्रिक लाभ आहे, परंतु आधीच्या पिढीची फ्रेम त्यामुळे कमजोर किंवा जड होत नाही. ती फक्त विकायला अवघड होते, आणि तिची किंमत तिच्या उपयोगापेक्षा फार वेगाने उतरते. मर्यादित खर्चाच्या बांधणीला संधी मिळते ती इथे. तिला सीमाही आहे. दोन-तीन पिढ्या मागे गेल्यास टायर, शॉक आणि बेअरिंगे मिळेनाशी होतात आणि वाचलेला पैसा शोधाशोधीत जातो. म्हणून २९ इंची चाक, आरपार जाड ॲक्सल आणि खाली जाड, वर बारीक होणारी स्टीअरर नळी असलेली, नेमकी एक पिढी मागची फ्रेम हा शहाणपणाचा आरंभ ठरतो.

वजनाचे खरे मोल : कुठल्या ग्रॅमसाठी किती पैसे मोजावेत हे ठरवण्याआधी ग्रॅमने काय साधते ते पाहिले पाहिजे. चालवणारा ७० किलोंचा, सायकल १४ किलोंची आणि सरासरी ताकद २०० वॉट धरली, तर ५०० मीटर उंची चढायला केवळ गुरुत्वाविरुद्ध सुमारे ३४ मिनिटे लागतात. सायकल एक किलोने हलकी केली की त्यातले सुमारे २५ सेकंद वाचतात. शर्यतीत हा फरक निर्णायक ठरेल, रविवारच्या भटकंतीत तो जाणवणारही नाही. याच्याशेजारी टायरचा हिशोब ठेवून पाहावा. ताशी १० किमी. वेगाने ८ टक्के चढावर एक किलो कमी झाल्याने सुमारे २ वॉट वाचतात. त्याच वेगात टायरचा लोळणरोध-गुणांक ०.०२०वरून ०.०१५वर आला, तर सुमारे ११ वॉट वाचतात. म्हणजे योग्य टायर आणि योग्य हवा यांचा लाभ एक किलो घटीच्या पाचपट होऊ शकतो, आणि तो सर्वांत स्वस्त आहे. फिरत्या वस्तुमानाबद्दल दुकानांत बरीच अतिशयोक्ती चालते. रिमवरचा ग्रॅम वेग घेताना जवळपास दुप्पट मोजला जातो हे खरे, पण स्थिर गतीने चढताना तो इतर ग्रॅमइतकाच असतो. हलक्या चाकांचा फायदा वळणावळणाच्या, पुन्हापुन्हा वेग घ्याव्या लागणाऱ्या वाटेवर आहे.

खर्चाचा क्रम : यावरून पैसे कुठे आधी घालायचे ते ठरते. पहिला मान फ्रेम आणि मागच्या शॉकचा, कारण सांध्यांची भूमिती नंतर बदलता येत नाही. ॲल्युमिनियमची दुहेरी सस्पेन्शन फ्रेम शॉकसह साधारण ३ ते ३.५ किलो भरते, क्रॉस-कंट्रीची कार्बन फ्रेम २ किलोंच्या आसपास. फ्रेम निवडताना तिचा शॉक प्रमाणित मापाचा आहे का हे वजनाआधी पाहावे. काही कंपन्यांनी स्वतःच्याच रचनेचे शॉक किंवा फोर्क वापरले. स्पेशलाइज्डचा ‘ब्रेन’ आणि कॅननडेलचा एकपायी ‘लेफ्टी’ ही त्याची ठळक उदाहरणे. अशी सायकल जुन्या बाजारात स्वस्त दिसते, ती दुरुस्ती अवघड म्हणूनच. दुसरा मान फोर्कचा. स्वस्त कॉइल स्प्रिंगचा फोर्क अडीच किलोंच्या वर जातो. हवेचा मध्यम दर्जाचा फोर्क दोन किलोंच्या आत येऊ शकतो. एका भागात अर्धा किलोहून अधिक घट आणखी कुठेही इतक्या सहज मिळत नाही. शिवाय हवेचा दाब चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावता येतो. सायकलवर नुसते बसल्यावर सस्पेन्शन एकूण हालचालीच्या २० ते ३० टक्के दबले पाहिजे, आणि कॉइलमध्ये त्यासाठी स्प्रिंगच बदलावी लागते.

चाके, टायर आणि गिअर हा तिसरा टप्पा. तारेच्या कडेचा टायर काढून घडी होणारा घेतला की दर चाकामागे १०० ग्रॅम किंवा अधिक कमी होतात. ट्यूब काढून सीलंट भरले की दोन्ही चाकांत मिळून दीडशे ग्रॅमच्या आसपास फरक पडतो, पण मोठा लाभ निराळा आहे. रिम आणि दगड यांच्यात चिमटून होणारे पंक्चर टळते, म्हणून हवा कमी ठेवता येते आणि टायर खडकाला धरून राहतो. पुढच्या दोन-तीन दात्यांच्या चकत्या, पुढचा डिरेलर, त्याचा शिफ्टर आणि केबल काढून एकच चकती ठेवली, तर ३५० ते ४५० ग्रॅम जातात. मागची कॅसेट मोठ्या पल्ल्याची असल्यास चढही निभतो. इथे वरच्या श्रेणीचा मोह आवरावा लागतो. शिमानोची १२ गिअरची देओरे कॅसेट सुमारे ५९० ग्रॅम, एक्सटी ४७० आणि एक्सटीआर ३७० ग्रॅमच्या आसपास आहे. देओरेवरून एक्सटीआरवर जाऊन सव्वादोनशे ग्रॅम वाचतात आणि किंमत कित्येक पट होते, शिवाय कॅसेट हा झिजून बदलावा लागणारा भाग आहे. स्वस्त गटातही सुसंगततेचा सापळा असतो. देओरेच्या १० दात्यांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटला मायक्रोस्प्लाइन फ्रीहब (हबचा, कॅसेट ज्यावर बसते तो भाग) लागतो, तर स्रॅमची एनएक्स ईगल ११ दात्यांपासून सुरू होऊन जुन्या एचजी फ्रीहबवर बसते. हाताशी असलेल्या चाकावर एनएक्स बसवताना थोडे वजन जास्त पत्करले, तर नवीन हबचा खर्च वाचतो.

अशा बांधणीचा अंदाजी ताळेबंद असा मांडता येईल : ॲल्युमिनियम फ्रेम व शॉक ३.१ किलो, फोर्क १.९, चाके १.८, टायर व सीलंट १.७, गिअर-क्रँक-चेन २, ब्रेक व डिस्क ०.८, हँडल-स्टेम-सीट मिळून १, पॅडल ०.४ आणि किरकोळ ०.३. बेरीज १३ किलो होते. फ्रेम जुन्या पिढीची कार्बन मिळाली तर १२च्या जवळ जाता येते. त्याखालचा प्रत्येक शंभर ग्रॅम आधीच्यापेक्षा महाग पडतो, म्हणून तिथे थांबणे हा हिशोबाचा भाग आहे. उंची क्षणात कमी करणारी ड्रॉपर सीटपोस्ट तीनशे-चारशे ग्रॅम वाढवते. तरीही तीव्र उतारांच्या वाटेवर ती वगळून वजन वाचवणे म्हणजे ज्या कारणासाठी सस्पेन्शन घेतले तेच अर्धे सोडून देणे.

आक्षेप : पहिला आक्षेप असा, की एवढ्या पैशांत केवळ पुढचे सस्पेन्शन असलेली, एक-दीड किलोने हलकी आणि कमी देखभालीची हार्डटेल मिळते. गुळगुळीत मातीच्या वाटांपुरता हा आक्षेप पूर्णपणे मान्य करावा. खडबडीत वाटेवर मात्र मागचे चाक जमिनीला टेकून राहिल्याने चढावर पकड मिळते आणि चालवणाऱ्याला बसूनच पॅडल मारता येते. त्या वाटेवर वरच्या हिशोबातले सेकंद पकडीतून परत मिळू शकतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : सायकल कंपनी भाग घाऊक दराने घेते, त्यामुळे एकेक भाग नवा विकत घेऊन केलेली बांधणी तयार सायकलीपेक्षा महागच पडणार. हे खरे आहे, आणि म्हणूनच सगळे नवे भाग घेऊन बांधणे या नोंदीत सुचवलेले नाही. अखंड जुनी सायकल घ्यावी, तिची फ्रेम, शॉक, ब्रेक ठेवावे आणि फोर्क, टायर, गिअर एवढेच क्रमाने बदलावे. काढलेले भाग विकले की खर्च आणखी खाली येतो. तिसरा आक्षेप भूमितीचा. २०१५च्या सुमाराच्या क्रॉस-कंट्री फ्रेमचा हेड अँगल (पुढच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन) ७० अंशांच्या आसपास असे, आता तो ६७-६८ झाला आहे, आणि जुनी सायकल उतारावर कमी स्थिर वाटते. रुंद हँडल आणि आखूड स्टेमने हा फरक थोडा भरून निघतो, पूर्ण नाही. मुख्यतः उतारासाठी सायकल हवी असेल तर नव्या भूमितीची जड ॲल्युमिनियम सायकल घेणे अधिक योग्य.

सुरक्षितता व देखभाल : चीनमधून थेट विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या कार्बन फ्रेमचा पर्याय नेहमी पुढे येतो. नामांकित कंपन्यांच्याही अनेक फ्रेम चीन आणि तैवानमध्येच बनतात, तेव्हा देश हा निकष होऊ शकत नाही. निकष आहे तो चाचणीचा. आयएसओ ४२१० या मानकात फ्रेम, फोर्क, हँडल यांच्या थकवा आणि आघात चाचण्या ठरवून दिल्या आहेत. विक्रेता त्यांचा दाखला आणि हमी देत असेल तर विचार करावा, नसेल तर स्वस्ताईची किंमत अंगावर येऊ शकते. हँडल, स्टेम आणि सीटपोस्ट अनोळखी कार्बनचे कधीही घेऊ नयेत, कारण त्यांतून वाचणारे शे-दीडशे ग्रॅम तुटण्याच्या धोक्यापुढे नगण्य आहेत. जुनी ॲल्युमिनियम फ्रेम घेताना वेल्डिंगलगतच्या केसासारख्या भेगा पाहाव्यात, कारण या धातूला असा ताण नसतो की ज्याच्याखाली तो कधीच थकणार नाही. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरचे ओरखडे आणि सांध्यांतली खडखड तपासावी. बेअरिंगांचा संच आणि शॉकची सर्व्हिस यांचा खर्च खरेदीच्या किमतीतच धरावा. सस्पेन्शनची प्राथमिक सर्व्हिस साधारण ५० तासांच्या वापरानंतर लागते. सह्याद्रीसारख्या पावसाळी, चिखलाच्या प्रदेशात सांध्यांत वाळू शिरत असल्याने ती त्याआधीच करावी लागते. हा आवर्ती खर्च झेपणार नसेल तर दुहेरी सस्पेन्शन घेऊ नये. खरेदीची किंमत कमी असणे आणि सायकल परवडणे यांत फरक पडतो तो इथे, आणि चांगली हार्डटेल अशा वेळी अधिक प्रामाणिक निवड ठरते.