अनुकृती आणि श्रेय : पेणच्या साच्यांच्या निमित्ताने

जॅक कर्बी (१९१७-१९९४) या अमेरिकी चित्रकथाकाराच्या रेषेला वाहिलेल्या आदरांजलींची आता एक परंपराच झाली आहे. जो केसी व टॉम शिओली यांची ‘गॉडलँड’ (२००५) ही मालिका कर्बीच्या आकृतींचा धिप्पाडपणा, अवकाशातील ऊर्जेचे काळे ठिपके, सारे उघडपणे उचलते. विडंबन आणि निर्हेतुक शैलीअनुकरण यांत फ्रेडरिक जेमसनने केलेला भेद येथे अपुरा पडतो. या अनुकरणामागे हेतू आहे : आपलीच मूळ चित्रे परत मिळविण्यासाठी ज्याला प्रकाशनसंस्थेशी झगडावे लागले, त्याचे नाव पुन्हा उच्चारणे.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीस गेलेल्या छापखान्याने राजा रविवर्म्याच्या देवदेवता घरोघरी नेल्या. तोच देह दिनदर्शिकांतून ‘अमर चित्र कथे’त (१९६७) आला. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांनी त्याला साहसकथांच्या चौकटीची गती दिली. मुळीकांनीच पुढे ‘नागराज’ हा अतिमानवही रेखाटला, हे मला बोलके वाटते.

पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत ही साखळी अजून चालू आहे. ‘जय मल्हार’ ही मालिका (२०१४) आणि ‘बाहुबली’ हा चित्रपट (२०१५) आला, आणि गणपतीच्या खांद्यांना अतिमानवाचे स्नायू फुटले. रोह्याकडील गिऱ्हाईक मूर्ती सांगताना रूपाचे नाव घेते, मूर्तिकाराचे नव्हे. आमच्या समीक्षेने अशा मूर्तींना ‘बाजारू’ म्हणून निकालात काढले. मीही वर्गात हा शब्द वापरला आहे; तो आता मागे घ्यावासा वाटतो. मूळ मूर्ती घडविणारा, साचा काढणारा, रंग देणारा आणि डोळ्यांची आखणी करणारा हे हात बहुधा वेगवेगळे असतात. एका साच्यावरून दुसरा निघतो. तिसऱ्या कारखान्यात पोहोचेपर्यंत पहिल्या हाताची खूण उरली तर सोंडेच्या वळणात. आखणी मात्र साच्यातून येत नाही. ती प्रत्येक मूर्तीवर नव्याने करावी लागते, आणि अनुकर्त्याचा स्वतःचा हात दिसतो तो तेथेच.

कर्बीच्या अनुकर्त्यांना पूर्वसूरीचे ऋण मान्य करता येते, कारण पानावर त्यांचे स्वतःचेही नाव छापलेले असते. पेणची मूर्ती दीड दिवसाने पाण्यात जाते. आखणी करणाऱ्याचे नाव हवे असेल तर कारखान्याची वही उघडावी लागेल. तेथे ते असलेच तर मजुरीच्या रकमेसमोर असेल.